लग्नाविना लिहिलेला चौक

यल्ला मावशी बसशी बोलत असत. शेवटचं मूल आत चढलं की दाराबाहेर हात काढून त्या बसच्या पत्र्यावर दोन थापा मारत, बैलाच्या पुठ्ठ्यावर माराव्यात तशा, आणि म्हणत, "यल्ला." मगच आमचा केरळी ड्रायव्हर गाडी हलवी. 'चला' अशा अर्थाचा अरबीतला तो एकच शब्द त्यांना येई आणि तेवढ्यावर त्यांनी दोह्यात पाच वर्षं काढली. चढा, उतरा, गप्प बसा, रडू नको, सगळ्याला "यल्ला". एखादं केजीतलं मूल आईच्या आठवणीनं हुंदके देऊ लागलं की त्याचं नाक आपल्या ओढणीनं पुसत त्या इतक्या हळू "यल्ला" म्हणत की ते पोर बिन महमूदचा थांबा येईपर्यंत त्यांच्या मांडीवर झोपून गेलेलं असे.

मावशी तलासरीकडच्या वारली. गावाजवळच्या मिशनच्या वसतिगृहात भाकऱ्या करत. तिथल्या सिस्टरनी शब्द टाकला म्हणून त्या आमच्या शाळेच्या बसवर लागल्या. शाळा कॅथलिक मंडळींची, प्राथमिक, इंग्रजी माध्यमाची. पण मावशी कागदावर शाळेच्या नव्हत्याच. त्या माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीच्या होत्या आणि त्यांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. तेव्हा मालकाच्या सहीशिवाय देशाबाहेर पडता येत नसे. माझे वडील गॅसच्या प्लांटवर इंजिनिअर. सही त्यांनाही लागे, पण त्यांना ती मिळे. फरक एवढाच, आणि हा फरक म्हणजेच सगळं.

ती फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या तयारीची वर्षं. रस्ता रोज नव्या जागी खणलेला असायचा. बस उशिरा का आली? वर्ल्ड कप. पाण्याचा टँकर का नाही? वर्ल्ड कप. मावशी खिडकीतून क्रेनकडे बघत म्हणत, "हा खेळ हाय का लगीन, बाय? येवढा मांडव त कोनी राजापन नाय घालीत."

लग्न त्यांच्या डोक्यात होतंच. त्यांची सुनीता होळीनंतर लग्न करणार होती. पाच वर्षांत एकदाच घरी गेलेल्या मावशींची मागणी अगदी लहान होती. "मना चौकाला पोचायचाय. जेवनाला नाय पोचली तरी चालंल." लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं जो चौकोन काढतात तो चौक. त्यात देवी बसते, मग लग्न लागतं. काढतात हा माझा शब्द. मावशी म्हणत, चौक लिवतात. आपल्या पोरीचा चौक आपल्या हातानं लिहायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

आता माझं पाप सांगते. मी त्या शाळेत चौथीला सामाजिक शास्त्र शिकवत होते आणि सत्र संपताना निघणारं वार्तापत्रही माझ्याकडे होतं. प्रिन्सिपल मॅडमकडे ऑस्ट्रेलियातल्या एका भगिनी-शाळेचं वार्तापत्र आलं. तिथं त्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा सोहळा केला होता. मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडेही ट्रायबल्स आहेतच की!" आणि मार्चच्या समारंभाला आदिवासी संस्कृती दिवस ठरला. मुलांच्या तोंडाला काळा रंग, डोक्यावर पिसं, हातात पुठ्ठ्याचे भाले. मोर्च्यांची पत्रकं वाचत वाढलेली मी. माझं डोकं फिरलं. मीटिंगमध्ये उभी राहून म्हणाले, "ही थट्टा आहे. आपल्या बसवर एक वारली बाई रोज पन्नास पोरं सांभाळते. तिला विचारा."

टाळ्या मिळाल्या. मावशींना विचारायला हवं होतं ते मात्र मी विचारलंच नव्हतं.

"कोनाचा लगीन हाय?" मावशींनी विचारलं.

"लग्न नाही, मावशी. कार्यक्रम आहे. स्टेजवर चौक हवाय."

"खुळी का काय तू! लगीन नाय त चौक कसा लिवू? देवी येनार, बसनार, आन् बघनार कोनाला? तुज्या मॅडमला?"

आम्ही दोघीही हसलो. मग त्या म्हणाल्या, "नाच लिवतां, झाडा लिवतां, मोर लिवतां. चौक नाय." मला ते पटलं. मॅडमना पटलं नाही. त्यांनी कुठल्याशा पुस्तकात चौक पाहिला होता. "तिला रजा हवी आहे ना? चौक करू दे. मी स्वतः कंपनीला पत्र देते." यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. आणि तो निरोप घेऊन बसकडे गेले ती मीच. मावशींनी "पत्र देल ना नक्की?" एवढंच विचारलं.

तीन दिवस शाळा सुटल्यावर त्या स्टेजवरच्या गेरूनं रंगवलेल्या फळीपुढे बसल्या. काडीनं, एकेक रेघ. तोंडातून अवाक्षर नाही. मी म्हणाले, "मावशी, घरी तर गाणी म्हणतात ना?"

"हितं गाना म्हटला त देवीला खरा वाटंल," त्या म्हणाल्या आणि काडी पुन्हा पिठात बुडवली.

मॅडमनी शब्द पाळला, पत्र दिलं. मी मावशींबरोबर कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबानं पत्र वाचलंही नाही. "मॅडमजी, वर्ल्ड कप का काम है. नए होटल, मेट्रो, सब जगह लेडीज़ चाहिए. छुट्टी सबकी बंद." मी कायदा बोलले, माणुसकी बोलले, आवाज चढवला. त्यानं मला चहा मागवला. मावशींना बसायलाही सांगितलं नाही. परतताना त्या म्हणाल्या, "देवी आली असंल गं आता. हितं लगीन नाय, तिथं आई नाय. कुठं बसंल ती?" एवढं बोलून त्यांनी ओढणी तोंडावर घेतली.

समारंभाच्या दिवशी पालक बसले होते, पाहुण्यांचं स्वागत चालू होतं. मावशी बादली आणि फडकं घेऊन स्टेजवर चढल्या. सगळ्यांना वाटलं, फरशी पुसायला. त्यांनी चौक पुसायला घेतला. वरून खाली, न थांबता, देवीशी काहीतरी ओठातल्या ओठात पुटपुटत. गेरूचं लाल पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळत होतं. पहिल्या रांगेतली माझी एक विद्यार्थिनी ओरडली, "मावशी, व्हाय आर यू स्पॉइलिंग इट?" मावशींनी मागे वळून पाहिलं नाही. मी उठून त्यांना मदत करायला हवी होती. मी खुर्चीच्या कडा धरून बसले.

दुपारी कंपनीचा साहेब शाळेत आला. "खलास. कॅन्सल करो इसको." कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द, नोकरी गेली; हा शब्द ऐकून तिथं भलेभले गडी पाया पडत. मावशींचा चेहरा उजळला. "कॅन्सल मंजी घरी ना, बाय? मंजी पोचतां मी?" मीही वेड्यासारखी हो म्हणाले. लग्नाला आठ दिवस होते.

कागदावर सही करणारा मोठा साहेब परदेशी गेला होता. तो येईपर्यंत पासपोर्ट कपाटातच. मी रोज फोन करायचे, रोज "बुकरा, इन्शाल्ला", म्हणजे उद्या. तोच उद्या, जो कुणाच्याही पोरीच्या लग्नासाठी थांबत नाही. त्याच आठवड्यात मी वार्तापत्र लिहिलं. "आदिवासी संस्कृती दिवस उत्साहात साजरा झाला." मॅडम म्हणाल्या, आदल्या दिवशी काढलेला चौकाचा फोटो छान आलाय, तोच टाका. मी टाकला. मावशींनी शंभर डोळ्यांसमोर जो पुसला, तो मी छापून घरोघरी पाठवला. लहानपणी वाचलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा मला तो एक कागद जास्त पाठ आहे, आणि आज कुणी "उत्साहात साजरा झाला" असं म्हटलं की मी आधी विचारते, कुणाला न विचारता?

लग्नाच्या दिवशी मी अल वक्राला कंपनीच्या खोल्यांवर गेले. एका खोलीत सहा जणींचे वर-खाली पलंग. बाकीच्या पाच जणी कामावर. मावशी आंघोळ करून, केसांना तेल लावून खालच्या पलंगावर बसल्या होत्या. फोन वाजला. पलीकडे बायकांचा गलबला, आणि त्यातून सुनीताचा आवाज.

"आये, बाया थांबल्यात. तू सांगल्याबिगर काकी हात लावीत नाय."

मावशींनी फोन दोन्ही हातांनी धरला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"लिवा," त्या म्हणाल्या. "मी सांगतां, लिवा."

मग फोन उशीखाली सरकवला. बऱ्याच वेळानं विचारलं, "तिकडं आता किती वाजलं, बाय?"

इथं बारा वाजले होते. मी म्हणाले, "अडीच."

"मंजी बसली असंल देवी," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.