बारा ठिकाणी चूक

उंद्रीचे माणिकराव मोजणीदार तीस वर्षं शेतांवर साखळी ओढून पेन्शनीत निघाले, तेव्हा मिरवायला त्यांच्यापाशी एकच गोष्ट होती: त्यांचा एकही नकाशा दुरुस्तीला परत आला नव्हता. एका धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, रेघ दुसऱ्या धुऱ्याला भिडलीच पाहिजे, हा त्यांचा धर्म. कुण्या दुसऱ्या मोजणीदारानं बोटभर रेघ उघडी सोडली आणि सख्ख्या भावांत कुऱ्हाडी निघाल्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्रेसष्ट साली गावच्या नव्या हायस्कुलात शास्त्राचे तक्ते नव्हते. हेडमास्तर रंगरावांनी पुस्तकातलं मेंदूचं चित्र मोठं करून द्यायची गळ घातली. माणिकरावांनी चौकटी पाडल्या, कापड चिकटवलेल्या जाड कागदावर आठ दिवस मान मोडून रेघा ओढल्या. उंचवटे, खाचा, सगळं जागच्या जागी. फक्त माथ्यावरून उतरणारी मधली खाच कानावरच्या आडव्या खाचेला भिडायच्या आधीच थांबत होती. छापणाऱ्याचा गाढवपणा, दुसरं काय! त्यांनी ती जोडून टाकली. मग तशाच आणखी अकरा.

तक्ता शाळेत आला, तेव्हा पाहायला गुरांचे डॉक्टर नारायणरावही आले होते. ते हसायलाच लागले. "माणिकराव, तुम्ही तर मेंदूच्या वाटण्या करून टाकल्या! या खाचा अर्ध्यातच थांबतात."

"थांबतीन कशा? मंग हद्द कोठं लागते?"

डॉक्टर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी खाटकाकडून बकऱ्याचा भेजा आणवला आणि पितळीत समोर ठेवला. माणिकरावांनी एका खाचेत बोट घालून पुढं सरकवलं. खाच उथळ होत गेली आणि संपली. पलीकडं दोन्ही उंचवटे एकच होते. त्यांनी चारदा बोट फिरवून पाहिलं. फार लागलं त्यांना ते.

तक्ता घरी नेऊन त्यांनी ब्लेडनं सगळे जोड खरवडले. चौथ्या दिवशी परत आणला, तेव्हा खाली कोपऱ्यात टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'बारा ठिकाणी चूक. चूक करणार व दुरुस्त करणार, माणिकराव इंगळे, मोजणीदार.'

रंगराव ओशाळले. "अहो, हे काऊन लिहिलं? कोणाले समजत होतं?"

"मले समजते न, मास्तर. नकाशात खोडलं का खाली नाव लिहा लागते, मोजणीचा कायदाच हाय तो. लावा भिंतीले."

मास्तरांचा हात उठेना, तेव्हा माणिकरावांनीच खिळा ठोकला. आठवीच्या पहिल्या बाकावर त्यांची नात बसली होती. तिनं ती ओळ साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली, आणि शेवटचा शब्द होईपर्यंत माणिकराव तिथंच उभे राहिले.