अकरा वर्षं घासलेला कोपरा

मी चिडका माणूस. बेळगावात एका कारखान्यात ड्रॉइंग काढतो, आणि माझ्या ड्रॉइंगला कोणी नावं ठेवली की डोकं फिरतं. त्या दिवशी कॉम्प्युटरनं नावं ठेवली, तर मी त्यालाच शिव्या घातल्या.

झालं असं. मालकांनी नवीन सॉफ्टवेअर आणलं आणि कागदावरची जुनी ड्रॉइंगं त्यात चढवायला सांगितली. पहिलंच घेतलं ते पंपाचं ब्रॅकेट. अकरा वर्षं चाललंय, एक तक्रार न्हाय. पडद्यावर त्यात पंप बसवला आणि एक कोपरा लालभडक झाला. म्हणजे दोन भाग एकमेकांत घुसतायत, बसायचेच न्हाईत. "अरे, इतकी वर्षं बसतोय की रं!" मी पडद्यावर ओरडलो.

मग मूळ कागद काढून बघितला. कोपऱ्याचं माप दीड मिलिमीटर चुकलेलं. अक्षर माझंच. मग पंप बसत होते कसे?

खाली शॉपवर, जिथं भाग जुळवतात तिथं, गेलो. आमचे फिटर आप्पा, हिंडलग्याहून सायकलनं येणारे, माझ्याहून वयानं मोठे. व्हाइसच्या शिकंज्यात तेच ब्रॅकेट आवळून कानस चालवत होते.

"आप्पा, हे काय करताय?"

"कोपरा घासतोय. त्याबिगर पंप बसतोय व्हय?"

"कधीपासनं?"

"पयल्यापासनं."

"अहो, मग मला सांगायचं न्हाय?"

"सांगायला आलतो की सायेब. तुम्ही म्हणालात, ड्रॉइंग बघून काम करा, डोकं लावू नका. मग गप घासत बसलो."

आई गं! कुठं तोंड लपवू असं झालं. साहेबाची चूक खाली फिटरनं गुपचूप मिटवायची आणि वर साहेबानं मिशीला पीळ द्यायचा, ही आमच्याकडची रीतच. पण तो साहेब मी असेन, हे कधी मनात आलं नव्हतं.

"आजच सुधारतो," मी म्हणालो.

आप्पांनी माझा हात धरला. "नका सायेब. रिटायर व्हायला दोन वर्षं ऱ्हायलीत माझी, आणि आता माझ्याकडं एवढंच काम हाय. घासणं थांबलं तर मला कोण ठेवतंय?"

"काहीतरीच काय! मी हाय की," म्हणत मी हसलो.

आकडा सुधारला. पुढचा लॉट आला, पंप हातानंच अलगद बसले. आता कानस लागत न्हाय हे बघून मालकांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "झकास! मग आता घासायला माणूस कशाला? आप्पा, तुम्ही आता घरी आराम करा."

"मालक, चूक माझी होती," मी म्हणालो. "अकरा वर्षं माझीच होती. यांनी निस्तरली."

मालक हसले. "जाऊ दे रं. चुका व्हायच्याच. सुधारलीस न्हवं?"

आप्पा त्या शनिवारी शेवटचे आले. मी अजून तिथंच ड्रॉइंग काढतोय.