डोळ्यांतला कापूस

मोताळ्याची सायरा पिंजारीण गाद्या भरते. शंभरेक वर्षांपूर्वी विलायती संग्रहालयाचे साहेब इथं आले. पाखरं, जनावरं मारायची, सोलायची अन् कातड्यात कापूस भरून न्यायची. कापूस सायराच्या पणजोबाचा. घरात त्याची केवढी फुशारकी!

परवा तिच्या लेकीनं, महनूरनं, मोबाइलवर त्या संग्रहालयातला फोटो दाखवला. पाखरं ओळीनं उताणी निजलेली, पायाला 'मोताळा' लिहिलेली चिठ्ठी, अन् डोळ्यांच्या जागी पांढराशुभ्र कापूस.

"काऊन दाखवलं तू मले हे?" सायरा खेकसली.

तेव्हापासून ती उशाला नुसता हात घेते. अन् वावरात बोंडं फुटली, की मान खाली घालून झपझप निघते. सारं रान डोळे उघडून तिच्याकडेच पाहत असतं.