मखमली गवसणी

तंबोऱ्यासाठी लाकडी पेटी न घेता मी मखमलीची गवसणी शिवून घेतली, हे माझं विसाव्या वर्षीचं शहाणपण. जांभळी मखमल, कडेला जर. पेटीत बंद केलेला तंबोरा कुणाला दिसणार, आणि तंबोरेवाली मी तरी कुणाला दिसणार?

आज दुकानात नात सतारीसाठी पेटी निवडत होती. प्रत्येक पेटीवर बोटांनी टकटक करायची, आतल्या अस्तरावर तळवा दाबून बघायची. रंगाकडे तिचं लक्षही नव्हतं. मला तिचा हेवा वाटला. गवसणी धूळ अडवते, पेटी धक्का अडवते. त्या वयात मला भीती होती ती फक्त धुळीची. धक्के परक्यांकडूनच बसतात, अशी माझी समजूत.

गाण्याच्या स्पर्धेला मी आणि माझी जिवलग मैत्रीण कुसुम एसटीने निघालो होतो. दोन्ही तंबोरे मागच्या बाकावर, तिच्याजवळ; तिचा लाकडी पेटीत, माझा गवसणीत. "तू जा खिडकीशी, मी सांभाळते," म्हणाली. मी पुढे जाऊन वारा खात बसले. उतरल्यावर गवसणी उघडली, तर तंबोऱ्याचा भोपळा उभा चिरलेला. जर मात्र शाबूत. वाटभर तिची पेटी माझ्या तंबोऱ्यावर होती. माझ्याच्याने गाणं झालं नाही. ती गायली, छान गायली.

परतताना मी विचारलं, "तुला दिसलं नाही का गं?"

"दिसत होतं की," कुसुम म्हणाली. "पण माझी पेटी नवी होती. खाली ठेवली असती तर चरे पडले असते."