चुना जास्त झाला

सन एकोणीसशे पन्नासनंतर मी आणि नाईक सोपान एकाच सिग्नल प्लाटूनमध्ये होतो. मी बारामतीकडचा, सुप्याचा. तो इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा. वायरलेस सेटवर बोलायचा तो. आवाज इतका स्वच्छ की खरखरीतही शब्द न् शब्द कळे. त्याचे हात सेटवर गुंतलेले, म्हणून तंबाखू मळून द्यायचं काम माझं. पहाटे पाचला पहिला बार, मग तासातासाला, कायम डाव्या गालात. रँकनं मी हवालदार, पण या कामात त्याचा ऑर्डर्ली.

एकदा त्याच्या त्याच गालात पांढरा चट्टा दिसला. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येई.

"चुना जास्त झाला, दुसरं काय," मी म्हणालो.

"व्हय. बेतानं लावा जरा, हवालदार."

चुन्यानं तोंड भाजतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही तूप लावलं, चुना कमी केला आणि बार उजव्या गालात हलवला. तंबाखूचा संशय कुणालाच आला नाही. त्याच्या घरी धाडलेल्या पत्रातही मीच तसं लिहिलं. 'चुना लावणं' म्हणजे फसवणं. आम्ही तो स्वतःलाच लावत होतो.

त्या हिवाळ्यात मॉर्टरचा फायरिंग सराव होता. सकाळी सात चाळीसला मेजरसाहेबांनी निशाण्याचे आकडे दिले, सोपाननं ते सेटवर सांगितले. शेवटचा आकडा नाइन.

पलीकडून मॉर्टरवाल्यांनी आकडा परत वाचला, "फाइव्ह. कन्फर्म. ओव्हर."

"राँग. नाइन. ओव्हर," सोपान म्हणाला.

"फाइव्ह. रॉजर."

पाच धरला तर बॉम्ब जिथं पडणार, त्या नाल्यात आमचीच एक प्लाटून बसली होती. मी हँडसेट हिसकावला. "स्टॉप. नाइन. आय से अगेन, नाइन. ओव्हर."

"नाइन. रॉजर."

बॉम्ब उजाड टेकडीवर पडले. मेजरसाहेब सोपानवर तापले. "मुँह में क्या है? थूको."

सोपाननं जबडा जेमतेम उघडला. तोंडात काहीच नव्हतं. तेव्हा मला खरी भीती वाटली.

एम. आय. रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, डॉक्टर कॅप्टननी त्याला तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. निरोगी तोंडात तिन्ही मावतात. त्याच्या एकच गेलं.

"साहेब, चुना जास्त झालाय," मी म्हणालो.

"चुना नुसती कातडी सोलतो, हवालदार. तिथून तंबाखूतलं विष आत उतरतं. कॅन्सर त्यानं होतो."

तपासणीचा रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले. ते कसे काढले ते माझं मला माहीत. अंगठा सारखा तळव्यावर फिरायचा, मळायला काही नसताना. रिपोर्टात कॅन्सरच निघाला आणि मेडिकल बोर्डानं सोपानला घरी पाठवलं. पुढच्या पावसाळ्याआधी तो गेला.

तो लढाईत पडला नाही, म्हणून कुठल्या दगडावर त्याचं नाव नाही. मी त्याला ड्यूटीवर पडलेला धरतो. तंबाखू माझ्या हातची होती, ती टोचणी आजही आहे.

तेराव्याला निरवांगीला गेलो. त्याचे वडील, तात्या, ओट्यावर बसले होते. रिवाजाप्रमाणं त्यांनी तंबाखूची चंची सोडून माझ्यापुढं धरली.

"घ्या, हवालदार. सोपाननं चुना लै लावला. तुमच्याच पत्रात हुतं. तवापासनं आमी बेतानं लावतो."

मी चंची मिटून खाली ठेवली.

"तात्या, तीन बोटं उभी तोंडात घाला."

"कशापायी?"

"घाला."

त्यांनी घातली. दोन गेली. तिसरं बाहेरच राहिलं.