अंगठा न जुळलेला माणूस

सगळ्यात आधी तिचं सांगतो. गोंदिया जिल्ह्यात सालेकशाच्या अलीकडं एका गावात बिडी वळणारी म्हातारी आहे, मी तिला मावशी म्हणतो. ती नसती तर हे लिहायला माझे हात शाबूत राहिले नसते. शाळा सातवीत सुटली, त्यामुळं लिहिण्यात चूक असेल. रागात नाही.

माझं घर बार्शीकडं. गोंदियात खोली घेऊन मी मोटरसायकलवर खेडोपाडी कुकर, शेगड्या दुरुस्त करत फिरायचो. त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच मेसेज होता: पोरं पळवणारी टोळी आली आहे, दुरुस्तीवाल्याच्या वेशात फिरते. कुणीतरी बसस्टँडवर माझा फोटो काढला आणि त्या मेसेजला चिकटवला. मी मावशीच्या गावात पोचायच्या आधी माझा फोटो पोचला होता.

चौकात पंधरा-वीस जणांनी गाडी अडवली. चावी काढून घेतली.

"कोनचा रे तू?"

"बार्शीचा."

"कुठी आली बार्शी? बोलनं पाहा याचं. आपल्याकडचा नाही वाटून राहिला."

मी आधार कार्ड काढलं. "कार्ड तं कोनी बी छापते," एक जण म्हणाला. "मशीनवर चाल. मशीन खोटं नाही बोलत."

अंगठा लावून बँकेचे पैसे काढून देणारं एक दुकान होतं. तिथं ढकलत नेलं. दुकानदारानं माझा आधार नंबर टाकला, मी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. दहाही बोटं झाली. वीस वर्षं कानस आणि पॉलिशपेपर घासून बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. हे सांगायला तोंड उघडलं तर कानाखाली बसली.

"देखा? नकली है!"

एकानं व्हिडिओ काढायला मोबाईल वर धरला. एक जण दोरी घेऊन आला. आईला कोण सांगेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कोपऱ्यात मावशी पेन्शनसाठी बसली होती. मी तिला तोवर पाहिलंही नव्हतं. ती उठली, "सरका" म्हणाली आणि मशीनवर स्वतःचा अंगठा दाबला. लाल. दुसरा दाबला. लाल.

"पाहा, मी बी नकली." दोरीवाल्याकडं वळली. "तुह्या लग्नात हळद मी लावली, तवा काऊन नाही म्हनलं नकली? बांध आता. पयले मले बांध."

दुकानदार हळूच म्हणाला, "मावशीचा तं कधीच लागत नाही जी. बिडी वळून बोटं घासली."

"मंग याचे हात पाहा ना, मुडद्याहो!" तिनं माझा पंजा ओढून सगळ्यांपुढं धरला. "माह्यासारखेच होत."

मागं कुणीतरी हसलं. दोरीवाल्यानं दोरी पाठीमागं नेली. पोलीस पाटील येईपर्यंत मावशीनं माझं मनगट सोडलं नाही. त्यांनी माझ्या घरी फोन लावून खात्री केली, तेव्हा चावी परत मिळाली. माफी कुणी मागितली नाही. "सावध राहावं लागते जी," एवढंच.

नंतर पोलिसांनी गावात मेसेज फिरवणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपवाल्यांना तंबी दिली. चौकात मला अडवणारी पोरं पानठेल्यावर दिसली, तोंड पाडून. "आता बोलाचं बी बंद. पोलीस सारं वाचून राहिले. नेट बंद करतीन म्हनते."

माझं रक्त उकळलं. नेट बंद व्हावं असं मलाही वाटत नाही, आईचं तोंड मला त्या फोनातच दिसतं. पण तुमचं बोलणं बंद होईल म्हणून रडता, माझा श्वास बंद करायला निघाला होता त्याचं काय? माझा फोटो एकानं तरी पुसला का? तो अजून कुठं फिरतोय मला ठाऊक नाही. अजूनही नव्या गावात शिरलो की आधी पोलीस पाटलाचं घर विचारतो, मग हत्यारांची पिशवी उघडतो. हे मी का करायचं?

मावशीचा अंगठा अजून लागत नाही. पेन्शनसाठी तिला दर खेपेला परत पाठवतात. पुढच्या वेळी तिला मागं बसवून मी तालुक्याच्या कचेरीत नेणार आहे. तिथं नाही जमलं तर गोंदियाला. ज्या खिडकीवर तिला कोण म्हणून विचारतील, त्या खिडकीवर तिचं मनगट धरून मी उभा राहीन आणि सांगेन, हिला मी ओळखतो.