बिनकडीचं दार

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

लालबागची आमची खोली विकायला काढली आहे. दलाल म्हणाला, "काका, थंडीतच दाखवू. भिंती कोरड्या असतात." त्याने रंग लावला, नळ बदलला, ते मी चालवून घेतलं. आज मी दूध आणायला गेलो, तेवढ्यात त्याने सुतार बोलावून दाराला आतून नवी कडी ठोकली आणि जुन्या कडीची भोकं बुजवून टाकली.

ती जुनी कडी माझ्या वडिलांनी काढली होती. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. खाली लाठीमार झाला की माणसं जिने चढून वर पळत यायची. वडील म्हणाले, "पळत आलेल्याला दार ठोठावायला वेळ कुठे असतो?" पुन्हा कडी लावलीच नाही. थंडीच्या वाऱ्याने दार उघडायचं, मग आई चिडून आतून मसाल्याचा पाटा टेकवायची.

दूध घेऊन आलो तर दार बंद! आत दलाल गिऱ्हाइकाला कडी लावून दाखवत होता.

मी दार बडवलं. आतून विचारतो, "कोण आहे?"

"अरे, घर माझं आहे!"

"एक मिनिट काका, कडी किती मजबूत आहे ते बघतायत."

या घरात म्हातारा झालो, पण स्वतःचं दार आज पहिल्यांदा ठोठावलं. कडी तिथेच उपटायला लावली. गिऱ्हाईक निघून गेलं. मुलगा फोनवर ओरडला, "बाबा, बिनकडीची खोली घेणार कोण?"

तुमच्यात आहे का कोणी?